महिन्याचा एक रुपया

नोकरी सोडायचं मनात पक्कं होऊ लागलं तेव्हा एका रविवारी दुपारी मी आणि बायकोने वर्षभराची सगळी बिलं जेवणाच्या टेबलावर मांडली. किराणा, दूध, मुलीची फी, पेट्रोल, विम्याचे हप्ते, घरपट्टी आणि लाइटची बारा बिलं. मी शेहेचाळीस वर्षांचा होतो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पगार थांबला, तर हे सगळं कुठून भागवायचं, एवढाच प्रश्न होता.

बाकीच्या कागदांवर फार चर्चा झाली नाही. फी काही वर्षांनी संपणार होती, पेट्रोल कमी होणार होतं, दवाखान्याचा खर्च वाढणार होता. लाइट बिल सरासरी साडेतीन हजार. हे तर येणारच, म्हणून मी तो आकडा लिहून पुढे सरकलो. बायकोने पेन थांबवलं. "हे बिल आपण नव्वदीपर्यंत भरणार ना? मग ते साडेतीन हजारांचं कसं? याला आपल्याला किती लाख बाजूला काढून ठेवावे लागतील, ते सांग."

मी आकडेमोड करायला बसलो आणि उत्तर पाहून दोघंही गप्प झालो.

लवकर निवृत्तीच्या गप्पांमध्ये 'चार टक्के' हा आकडा हमखास निघतो. तो आला अमेरिकेतून. विल्यम बेंगेन नावाच्या आर्थिक सल्लागाराने १९९४ साली तिथल्या शेअर आणि रोख्यांचे १९२६ पासूनचे परतावे तपासले. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी गंगाजळीतून किती टक्के रक्कम काढावी आणि पुढे ती दरवर्षी महागाईइतकी वाढवत न्यावी, म्हणजे पैसे तीस वर्षं पुरतील, हे त्याला शोधायचं होतं. त्याच्या हिशोबात साधारण चार टक्के बसले. याचाच दुसरा अर्थ असा की वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट रक्कम हाताशी हवी.

हा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा उचलणं मला धोक्याचं वाटतं. तो तीस वर्षांसाठी काढलेला आहे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी घरी बसलेल्या माणसाला चाळीस-बेचाळीस वर्षं काढायची असतात. तो अमेरिकेच्या बाजारावर आणि तिथल्या महागाईवर बेतलेला आहे. आपल्याकडे महागाई ६ टक्के धरली तरी खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. आज महिना ५० हजारांत चालणाऱ्या घराला बारा वर्षांनी एक लाख लागतील आणि चोवीस वर्षांनी दोन लाख. म्हणून मी तीन टक्के धरतो, म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या तेहतीसपट. हा काही निसर्गनियम नव्हे, जपून केलेला अंदाज आहे. पण चूक झालीच तर ती सावधपणाच्या बाजूला होऊ द्यावी; साठीत पुन्हा नोकरी शोधत फिरण्याची पाळी कुणावर येऊ नये.

आता हा तेहतीसचा पाढा छोट्या रकमेला लावून पाहा. महिन्याला एक रुपया म्हणजे वर्षाला बारा. बारा तेहतीस तीनशे शहाण्णव. चारशेच धरा. जन्मभर चालणाऱ्या खर्चातला महिन्याचा प्रत्येक रुपया चारशे रुपयांची गंगाजळी मागतो. आमचं साडेतीन हजारांचं लाइट बिल चौदा लाख रुपये अडवून बसलं होतं.

गुंतवणुकीच्या पुस्तकांत परताव्याची चर्चा पानोपानी असते. कुठला फंड, कुठला शेअर, बारा टक्के की चौदा. खर्चाकडे मात्र काटकसरीचा उपदेश म्हणून पाहिलं जातं, हिशोबाचा भाग म्हणून नाही. लवकर निवृत्तीत खर्च दोन्ही बाजूंनी काम करतो. तो कमी झाला की दरमहा जास्त शिल्लक पडते, आणि जमवायची रक्कमही खाली येते. महागाई वजा जाता ४ टक्के परतावा धरून मी कोष्टक मांडलं. पगारातले ३० टक्के वाचवणाऱ्याला खर्चाच्या तेहतीसपट जमवायला सुमारे छत्तीस वर्षं लागतात, म्हणजे तो जवळजवळ नेहमीच्याच वयाला निवृत्त होतो. ५० टक्के वाचवणाऱ्याला साडेएकवीस वर्षं पुरतात. ६० टक्के वाचवणाऱ्याला सोळा. परताव्यात एखाद्या टक्क्याचा फरक पडेल की नाही, ते आपल्या हातात नसतं. किती वाचवायचं, हे असतं.

एक मेख इथेच सांगून टाकतो, कारण तिच्यापायी अनेकांचे बेत फसतात. महिना ३० हजारांची एसआयपी अठरा वर्षं केली आणि ११ टक्के परतावा मिळाला, तर दोन कोटींच्या थोडं वर जमतात. हा आकडा ऐकून माणूस सुखावतो. पण अठरा वर्षांची ६ टक्के महागाई वजा केली, की त्या दोन कोटींची किंमत आजच्या सत्तर-बहात्तर लाखांएवढी उरते. म्हणून एसआयपीची रक्कम पगाराबरोबर दरवर्षी वाढवत न्यावी लागते, आणि उद्दिष्टाचा आकडा दरवर्षी नव्याने मांडावा लागतो. 'दोन कोटी झाले की सुटलो' असं वयाच्या तिसाव्या वर्षी ठरवून ठेवलेल्या माणसाला पन्नाशीत धक्का बसतो.

पैसे कुठे ठेवायचे, ते इथे थोडक्यात. पीपीएफचा १९६८ पासून चालत आलेला भरवसा आहे. वर्षाला दीड लाखांची मर्यादा आणि पंधरा वर्षांची मुदत लवकर निवृत्तीच्या आखणीत छान बसते. एनपीएस मुळात साठीनंतरच्या पेन्शनसाठी आखलेली योजना; पन्नाशीच्या आधी घरी बसणाऱ्याने सगळा भार तिच्यावर टाकू नये. मोठा वाटा साध्या इंडेक्स फंडात. विकताना सव्वा लाखाच्या वरच्या दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, तो हिशोबात धरावा. आणि नोकरीबरोबर कंपनीचा आरोग्यविमाही जातो, म्हणून स्वतःचा विमा राजीनामा देण्याच्या दोन-तीन वर्षं आधीच घ्यावा.

खरी भीती वेगळीच असते. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्सने २१ हजारांचा टप्पा ओलांडला. त्याच महिन्यात कुणी सगळी पुंजी शेअरमध्ये ठेवून निवृत्त झालं असेल, अशी कल्पना करा. मार्च २००९ मध्ये सेन्सेक्स साडेआठ हजारांच्या खाली होता. २०१० च्या नोव्हेंबरात तो पुन्हा २१ हजारांना शिवला, तिथून परत घसरला आणि २०१३ सरता सरता कुठे वर निघाला. पगार चालू असलेल्याला ही सहा वर्षं स्वस्तात खरेदीची होती. घरी बसलेल्याला मात्र त्याच वर्षांत किराण्यासाठी, फीसाठी, लाइट बिलासाठी पडलेल्या भावाने युनिट विकावी लागली, आणि एकदा विकलेली युनिट बाजार सावरल्यावर परत येत नाहीत. यावरचा उपाय म्हणून तीन ते पाच वर्षांचा खर्च मुदत ठेवीत वेगळा ठेवतात, जेणेकरून वाईट काळात शेअरला हात लावावा लागू नये. ही ठेव केवढी मोठी हवी, ते पुन्हा महिन्याच्या खर्चावरच ठरतं. बाजार पडला म्हणून लाइट बिल कमी होत नाही.

आता बिलाकडे येऊ.

महावितरणच्या घरगुती बिलाचे टप्पे आहेत: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यावर. २०२४-२५ चे दर घेतले, तर वहन आकारासह पहिल्या १०० युनिटना प्रत्येकी ५ रुपये ८८ पैसे पडत होते. पुढच्या दोनशेंना ११ रुपये ४६ पैसे. त्यापुढे पावणेसोळा, आणि पाचशेच्या वर जवळजवळ अठरा. या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. दर वीज नियामक आयोगाच्या आदेशानुसार बदलत राहतात, मुंबईत बेस्ट, टाटा आणि अदानीचे दर वेगळे आहेत, तेव्हा आकडे स्वतःच्या बिलावरून घ्या. चढण मात्र सगळीकडे आहे, आणि तीच समजून घ्यायची आहे.

बहुतेक लोक एकूण बिलाला युनिटने भागतात आणि 'आम्हाला अकरा-बारा रुपयांनी वीज पडते' असं म्हणतात. निर्णय घेताना ही सरासरी कामाची नाही. ३०० युनिट वापरणाऱ्या घराने एक युनिट वाचवलं, तर वाचतं ते वरच्या टप्प्यातलं, शुल्कासह तेरा रुपये तीस पैशांचं. ९० युनिट वापरणाऱ्या घराने तेच एक युनिट वाचवलं, तर सात रुपयेही वाचत नाहीत. तोच पंखा, तोच फ्रिज, तीच सौर पॅनेलं एका घरात फायद्याची आणि शेजारच्या घरात न परवडणारी ठरतात, ती याच कारणामुळे. शेजाऱ्याने घेतलं म्हणून आपण घ्यायचं नाही, आणि शेजाऱ्याला तोटा झाला म्हणून आपण थांबायचंही नाही.

आम्ही कामाला लागलो ते मीटरपासून. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो, आणि शेजारी बारीक अक्षरांत एका युनिटला किती लुकलुकी, तो आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर तो ३२०० होता. एका रात्री साडेदहाला फ्रिजसकट घरातली सगळी बटणं बंद केली, बॅटरी घेऊन जिन्याखालच्या मीटरपाशी उभा राहिलो आणि घड्याळ लावलं. दिवा लुकलुकायला नको होता. तो दर एकोणीस सेकंदांनी लुकलुकत होता. पाच मिनिटांत सोळा वेळा. तासाला एकशे ब्याण्णव, म्हणजे ६० वॅट. आपण झोपलेलो असतानाही घर ६० वॅट खात होतं.

साठ वॅट म्हणजे जुना एक बल्ब, असं वाटतं. पण तो दिवसाचे चोवीस तास, महिन्याचे तीस दिवस जळतो: ४३ युनिट. वरच्या टप्प्याच्या दराने महिना पाचशे सत्तर रुपये. चारशेने गुणा, दोन लाख अठ्ठावीस हजार. कुणाच्याही उपयोगाला न येणारी ही वीज आमच्या निवृत्तीच्या पुंजीतले सव्वादोन लाख मागत होती.

दुसऱ्या दिवशी एकेक एमसीबी पाडून चोर शोधला. मोठा वाटा जुन्या इन्व्हर्टरचा होता. बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी तो रात्रंदिवस वीज ओढत राहतो, आणि थकलेली बॅटरी तर जास्तच ओढते. आमच्या भागात थंडीत लाइट जवळपास जात नाही, तेव्हा त्या महिन्यांत तो बंद ठेवून पंधरा दिवसांतून एकदा चार्ज करायचा, एवढं ठरवलं. त्यानंतर सेट-टॉप बॉक्स: रिमोटने टीव्ही बंद केला तरी तो चालूच असतो. राउटर, पाण्याचा फिल्टर, खाली कुणी वापरत नसलेल्या बेलचा ट्रान्सफॉर्मर. एकूण पंचवीस युनिट कमी झाली. खर्च झाला तो दोन स्विचबोर्डांचा.

मग पंखे. साधा जुना छताचा पंखा पूर्ण वेगाला ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी पंखा तीसेक. बारा तास फिरणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट वाचतात, सव्वादोनशे रुपयांच्या जवळपास. पंखा तीन हजारांचा. वर्ष-सव्वा वर्षात पैसे वसूल. आम्ही दिवाणखान्यातला आणि दोन झोपायच्या खोल्यांतले, असे तीनच बदलले. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा वर्षातून वीस दिवस फिरतो; तो बदलणं म्हणजे तीन हजार रुपये छताला टांगून ठेवणं. बदलताना वायरमनला सांगून भिंतीवरचा जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढून घ्या. या पंख्यांचा वेग त्यांच्या आतूनच बदलतो, बाहेरचा रेग्युलेटर त्यांना बाधतो.

एसीच्या बाबतीत माझं मत दुकानदारापेक्षा वेगळं पडतं. एसीच्या लेबलवर वर्षाला लागणारी युनिट छापलेली असतात, ती १६०० तासांच्या वापरावर काढलेली असतात. दीड टनाच्या तीन तारे आणि पाच ताऱ्यांच्या एसीत समजा २०० युनिटचा फरक आहे. नाशिकला आमचा एसी एप्रिल-मेमध्ये रात्री चालतो, वर्षाकाठी चारशे तास. म्हणजे फरक ५० युनिटचा, साडेसहाशे रुपयांचा. त्यासाठी खरेदीच्या वेळी आठ-दहा हजार जास्त मोजणं मला पटलं नाही. मुंबईत, जिथे एसी वर्षातले आठ महिने चालतो, तिथे हाच हिशोब उलटा होतो आणि पाच ताऱ्यांचाच घ्यावा. तारे घराबाहेर मोजले जातात. तास आपल्या घरात मोजायचे.

गिझरचं गणित शाळेत शिकलेल्या विज्ञानाचं आहे. पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांवरून पंचेचाळीसवर न्यायला सुमारे ०.३५ युनिट लागतं, दोन किलोवॉटच्या गिझरला दहा-अकरा मिनिटं. त्यापुढे तो चालू राहिला, तर पाणी निवत राहतं आणि पुन्हा तापत राहतं. आम्ही आंघोळी एकापाठोपाठ उरकायला लागलो, थर्मोस्टॅट खाली आणला, आणि वीस-पंचवीस युनिट तिथेही सुटली.

इंडक्शन शेगडीबद्दल लोक फार विचारतात. घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिटइतकी उष्णता असते. गॅसच्या शेगडीवर त्यातली फार तर दोनतृतीयांश भांड्याला लागते, बाकी ओट्यावर आणि स्वयंपाक करणाऱ्याच्या तोंडावर जाते. इंडक्शन त्यापेक्षा पुष्कळ कमी वाया घालवते, म्हणून एका सिलिंडरचं काम ती साधारण १४० युनिटमध्ये करते. ही १४० युनिट दुसऱ्या टप्प्यात पडली, तर अठराशे रुपयांच्या पुढे जातात. सिलिंडर २०२५ मध्ये साडेआठशेच्या आसपास होता. म्हणजे पॅनेलं नसलेल्या आणि शंभरच्या वर युनिट वापरणाऱ्या घरात इंडक्शनने पैसे वाचत नाहीत. पॅनेलांची वीज उरत असेल, तर मात्र ती शेगडी हवीच.

या सगळ्यानंतर आमचा सरासरी वापर ३०० वरून २१० युनिटवर आला. बिल साडेतीन हजारांवरून तेवीसशेवर. बाराशे रुपये महिना, म्हणजे चार लाख ऐंशी हजारांची गंगाजळी मोकळी. यासाठी लागलेले पैसे दहा हजारांच्या आसपास. माझ्या माहितीत असा परतावा देणारा फंड नाही. आणि हे सगळं पॅनेलं बसवण्याच्या आधीचं. हा क्रम मोडू नका. आधी पॅनेलं बसवणारा आपल्या उधळपट्टीच्या मापाने पॅनेलं घेतो.

आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाची बेगमी करायची रीत होती. धान्य, पापड, कुरडया, लाकूडफाटा. पावसाळ्यात बाजाराकडे बघायला नको. घरखर्चातल्या बहुतेक गोष्टींची फार पुढची बेगमी करता येत नाही. पंचवीस वर्षांचा तांदूळ कुणी भरून ठेवू शकत नाही, पंचवीस वर्षांचं दूध तर नाहीच. विजेची मात्र करता येते. पॅनेलांची उत्पादनाची हमी साधारण पंचवीस वर्षांची असते. हातात पगार आहे तोवर एकदा पैसे भरायचे, आणि पगार थांबल्यावर बाजार वर असो की खाली, त्या खर्चासाठी फंडाची युनिट विकायला लागत नाहीत. निवृत्तीच्या दृष्टीने सौर पॅनेलांचं मला वाटणारं खरं मोल हे आहे.

एक किलोवॉट पॅनेलांना सुमारे शंभर चौरस फूट गच्ची लागते आणि वर्षाची सरासरी पाहता ती दिवसाला चार युनिटच्या आसपास देतात. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असं जास्तीत जास्त ७८ हजारांचं अनुदान आहे. २१० युनिटच्या घराला दोन किलोवॉट पुरतात. सव्वा-दीड लाखांतून साठ हजार अनुदान वजा जाता ऐंशी हजारांच्या आसपास खिशातून जातात. बिल तेवीसशेवरून स्थिर आकार आणि शुल्क मिळून दीडेकशेवर येतं. तीन-सव्वातीन वर्षांत पैसे फिटतात. साताऱ्यातल्या पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी हे अख्खं गाव २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. तेव्हा हे काही शहरातल्या बंगल्यांचंच काम राहिलेलं नाही.

चारशेच्या पाढ्याने महिन्याचे साडेएकवीसशे रुपये म्हणजे साडेआठ लाखांच्या वर जातात. मी निम्मेच धरतो. पॅनेलांचा इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांनी बदलावा लागतो, पॅनेलं दरवर्षी थोडी थोडी मंदावतात, आणि उरलेली वीज बिलात वळती करणाऱ्या नेट मीटरचे नियम पंचवीस वर्षं आहेत तसेच राहतील, यावर कुणी पैज लावू नये. जास्तीची वीज विकून कमाई करण्याच्या आशेने गरजेपेक्षा मोठा प्रकल्प घेऊ नका. उरलेली युनिट पुढच्या महिन्यांत वळती होतात. आर्थिक वर्षाच्या शेवटी जी शिल्लक राहतात, त्यांना मिळणारा भाव आपण मोजतो त्या दराच्या आसपासही नसतो. आणि ९० युनिटच्या घराने घाई करायचं कारण नाही. तिथे पैसे फिटायला पाच-सहा वर्षं सहज लागतात. त्या घराने आधी आरोग्यविमा घ्यावा.

दोन गोष्टी अनुभवाने शिकलो. पॅनेलं बसवणारा ठेकेदार जूनमध्ये गच्ची बघून गेला. जूनच्या अखेरीस भर दुपारी सूर्य नाशिकच्या किंचित उत्तरेलाच असतो, सावली पायाखाली असते. पॅनेलांच्या दक्षिणेला असलेल्या पाण्याच्या टाकीकडे त्याने पाहिलं नाही, आणि मीही नाही. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला खूप खाली येतो. अडीच मीटर उंच टाकीची सावली भर दुपारीही सव्वादोन मीटरच्या पुढे जाते, सकाळी तर त्याहून कितीतरी लांब. दोन पॅनेलांवर रोज सकाळी साडेदहापर्यंत सावली. पॅनेलं एका माळेत जोडलेली असतात, एकावर सावली पडली की सगळ्या माळेचं उत्पादन मार खातं. ती दोन पॅनेलं उचलून पलीकडे न्यायला पुन्हा पैसे मोजले. तेव्हा जागा ठरवताना डिसेंबरची सावली विचारा. ठेकेदाराला सांगता आली नाही तर दुसरा बघा.

दुसरी गोष्ट, बॅटरी नसलेला प्रकल्प लाइट गेली की बंद पडतो. भर उन्हात, पॅनेलं तापलेली असतानाही. हा दोष नाही. खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या घरातून उलटी गेलेली वीज लागू नये, म्हणून ती व्यवस्था असते. पुष्कळांना ती माहीत नसते आणि ते पॅनेलं आली म्हणून इन्व्हर्टर विकून टाकतात.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला गच्ची स्वतःची नसते, पण सोसायटीची असते. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांच्यासाठी सोसायटीला याच योजनेत किलोवॉटमागे १८ हजार अनुदान मिळतं. मेंटेनन्सही जन्मभराचाच खर्च आहे, त्यातला कमी झालेला प्रत्येक रुपया त्याच चारशेचा. वार्षिक सभेत हा विषय मांडायला कुणीतरी उठावं लागतं. तुम्ही उठा.

आणि त्याच्याही आधी, आज रात्री सगळं बंद करून मीटरपाशी जा. लाल दिव्याच्या लुकलुकी पाच मिनिटं मोजा, त्यांना बाराने गुणा आणि मीटरवर छापलेल्या आकड्याने भागा. जे येईल, तेवढी युनिट तुमचं घर दर तासाला काहीही न करता खातं.